इराच्या प्रेरणेचा मानकरी

चहा निवण्याआधी माझी फजिती माझ्याच तोंडून ऐकून घ्या. आमचे मित्र कुलकर्णी सांगतील तर तिखटमीठ लावून सांगतील, आणि दुर्दैव असे की त्यांना लावायला फारसे काही उरलेलेच नाही.

वसुधा ही माझी विधी महाविद्यालयातली सहाध्यायी. पदवीनंतर मी दुबईला येऊन एका बांधकाम कंपनीचे करारनामे लिहू लागलो. ती मुंबईतच राहिली आणि खटला उभा राहण्याची वाट पाहत तुरुंगात खितपत पडलेल्या कच्च्या कैद्यांसाठी लढू लागली. जामिनाचे नियम बदलावेत म्हणून ती मंत्र्यांशी वाद घालते. मी सिमेंट उशिरा आल्याबद्दलची कलमे तासतो. माझ्या मनात जे होते त्याला ‘मत्सर’ हा शब्द तोकडा पडतो, पण दुसरा सापडत नाही.

गेल्या हिवाळ्यात ती दुबईतल्या करामा भागात आमच्या घरी राहायला आली आणि माझी सतरा वर्षांची इरा तिला सोडीना. एका सकाळी तिने जाहीर केले, “बाबा, आय वॉन्ट टू डू प्रिझन रिफॉर्म.”

“मराठीत सांग.”

“तुरुंग... नीट करायचेत.”

पोर वाढवली मी, आणि पळवली हिने!

स्वयंपाकघरात सौभाग्यवती म्हणाल्या, “अहो, उगाच जळू नका. तिच्या डोक्यात हे लहानपणापासून आहे. घरातच बघून सुचलं म्हणाली.”

“घरात कायदा शिकलेलं दुसरं कोण आहे?”

“ते तिलाच विचारा की.”

विचारायचे कशाला? उत्तर उघड होते. इथेच मी चुकलो.

शनिवारी वसुधाच्या निरोपाला मित्रमंडळी जमली. शेजारच्या अजमान अमिरातीतून वाहतूक भेदून आलेले कुलकर्णी वसुधाला म्हणाले, “मॅडम, पोरगी फिरवलीत की. खलास, गेली ह्यांच्या हातातून.”

हे मात्र सहन होईना. मी उठून उभा राहिलो आणि या प्रेरणेचा उगम याच घरात कसा आहे, न्यायबुद्धीचे संस्कार मुलांवर नकळत कसे होतात, यावर सविस्तर बोललो.

“मला वाटलंच होतं, तूच असणार,” वसुधा मनापासून म्हणाली. तिथेच थांबलो असतो तर?

“इरा, तूच सांग यांना.”

“बाबा, आत्ता? शुअर?”

“निःसंकोच. आणि मराठीत.”

“लहानपणी घरात काही फुटलं की बाबा आधी मला खोलीत पाठवायचे,” इरा शांतपणे म्हणाली, “आणि मग आईला विचारायचे, नक्की झालं काय? एकदा फुलदाणी वाऱ्याने पडली होती. मी दुपारभर आत. तेव्हाच वाटलं, समबडी शुड चेंज धिस.”

कुलकर्ण्यांना चहाचा ठसका लागला.

“अगं, पण माझं म्हणणं तरी...”

“नंतर ऐकू, बाबा. आधी खोलीत जा.”

गेलो. काय करणार? दाराआडून सारे ऐकू येत होते. वसुधा माझ्यासाठी जामीन मागत होती, आणि मला स्वतःला मांडता आली नसती इतकी सुरेख बाजू मांडत होती. माझा जळफळाट आणखीच वाढला.