बादलीतला घोट

आमचे काका जन्मभर बसड्रायव्हर. निवृत्त झाल्यावर त्यांनी झोपायची-रांधायची सोय असलेली मोठी गाडी भाड्यानं घेतली आणि काकूला महिनाभर फिरवलं. काकूकडेही लायसन्स होतं, पण स्टिअरिंगला हात लावू देतील तर शपथ!

परतायच्या दिवशी वाटेत वायनरी बघायला थांबले. तिथं लोक चव बघायला वाईन तोंडात घोळवून बादलीत थुंकत होते. काकांना राहवेना. "अहो, थुंकायचीच तर तोंडात घेता कशाला?"

काकूच म्हणाली, "तुम्ही नाही का गावोगाव बस नेलीत आणि गाव न बघताच परत आणलीत? तसंच."

काकांनी ग्लास उचलला, घोट घोळवला, बादलीकडे पाहिलं. मग गिळून टाकला आणि गाडीची किल्ली काकूच्या हातावर ठेवली.