डावा कान
सरकीच्या पेंडीचा वास आला की मला धुळ्याची ती कापसाची जिनिंग गिरणी आठवते. नव्वदीच्या सुरुवातीची गोष्ट. आमचे हे तोफखान्यातून निवृत्त झाले तेव्हा डाव्या कानाने ऐकू येणं थांबलं होतं, आणि ते कळल्यामुळे दोन ठिकाणी पहारेकऱ्याची नोकरी हुकली होती. म्हणून जळगावहून तिथल्या पहारेकऱ्याच्या जागेसाठी निघताना एसटीतच मी बजावलं, "कानाचं काही बोलू नका." गिरणीच्या पेढीवर मी दाराशी बसले. बाहेर यंत्रांची घरघर, आणि मालक शेठजींची गादी नेमकी यांच्या डाव्या हाताला. शेठजींनी विचारलं, "रात्री कापसाच्या गंजीला आग लागली तर काय कराल?" यांना ऐकूच गेलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. आपणच उत्तर द्यावं असं वाटलं. तेवढ्यात हे उठले, खुर्ची उचलून गादीच्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि म्हणाले, "डावा कान गयेल शे, शेठ. आते इचारा." मग शेठजींनी तोच प्रश्न विचारला, जरा मोठ्यानं. मुलं मार्गी लागेपर्यंत यांनी तिथेच नोकरी केली. आता हे नाहीत. पण कुणाबरोबरही चालताना मी अजून नकळत त्याच्या उजव्या बाजूला जाते.