रावसाहेबांचा हिरवा बोया

रावसाहेबांनी प्लास्टिकचा निळा ड्रम माझ्या ओट्यावर आणून ठेवला आणि विचारलं, "साहेब, ह्याचा बोया हुईल का?"

"होईल. पण कशाला हवाय?"

"तलावात सोडायचाय. कालचं ऐकलं न्हाई का तुमी?"

रावसाहेब आमच्या गावच्या मच्छीमार सोसायटीचे चेअरमन. मी गायकवाड, दीपस्तंभ खात्यातला रिटायर्ड असिस्टंट इंजिनीअर. बीड जिल्ह्याला समुद्र नाही, म्हणून माझी सगळी नोकरी किनाऱ्यावर झाली. गावात एवढंच माहीत होतं की गायकवाड साहेब 'लाइटीच्या खात्यात' होते. त्यामुळे रिटायर होऊन गावी आल्यापासून लोक माझ्याकडे विहिरीवरच्या मोटारीची बिलं घेऊन यायचे. बोया विचारत आलेला पहिला माणूस म्हणजे रावसाहेब. खोटं कशाला सांगू, मला आनंद झाला.

बोया म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण. त्याला खाली साखळी, साखळीच्या टोकाला तळाशी जड वजन. येणाऱ्या जहाजाला तो सांगतो, इकडून जा, तिकडं खडक आहे.

आमच्या तलावात खडक नव्हता, चावडी होती. चौसाळ्याहून आत आमचं गाव. तलाव झाला तेव्हा जुनं गाव पाण्याखाली गेलं आणि आम्ही वर माळावर आलो. बऱ्या पावसाच्या वर्षी जुनं गाव खोल असायचं, कुणाला त्याची आठवणही व्हायची नाही. पण लागोपाठ दोन पावसाळे कोरडे गेले. पाणी उतरत उतरत दगडी चावडीचं सपाट छत पाण्याच्या जेमतेम खाली आलं. वरून काही दिसायचं नाही. आदल्या दिवशी खलीलची होडी त्यावर चढून कलंडली. होडीत पलीकडच्या वस्तीवर लग्नाला निघालेला बँड होता. दोघं बँडवाले मोठ्या ढोलाला धरून काठाला लागले, बाकीचे चावडीवरच उभे राहिले. क्लॅरिनेट मात्र गेलं.

गाव पोट धरधरून हसलं. पण त्याच होडीतून रोज सकाळी वस्तीवरची पोरं शाळेला यायची आणि त्यांतल्या कुणालाच पोहता येत नव्हतं. मी रावसाहेबांना हो म्हटलं.

खलील आणि मी लांब बांबू घेऊन तलाव चाचपला. एका बाजूला चावडी, दुसऱ्या बाजूला जुन्या बाभळींची खोडं, मधून खोल पाण्याची वाट. म्हणजे दोन बोये पुरेसे होते. वस्तीकडून गावाकडं येताना डाव्या हाताला लाल, उजव्या हाताला हिरवा. बंदरात शिरताना असतात तसेच. चावडी हिरव्याच्या पलीकडं राहील.

"दोघांच्या मधून चालायचं," मी खलीलला सांगितलं.

"हौ साब. आन् मधून न्हाई गेलं तर?"

"तर चावडी."

"समजलं."

रावसाहेबांना बोये किरकोळ वाटले. "त्यापरीस लाइटहाऊसच बांधू की."

"रात्री तलावात जातं कोण?"

"कुनीच न्हाई. पन रोडवरून लई भारी दिसंल!"

लाइटहाऊस मी मोडीत काढलं. मग प्रश्न आला की बोयांचा खर्च कुणी करायचा. हा प्रश्न मला नवा नव्हता. इंग्रजांच्या काळापासून किनाऱ्यावरच्या दिव्यांचं हेच दुखणं. दिवा सगळ्यांना दिसतो, पण पैसे द्यायची वेळ आली की कुणालाच दिसलेला नसतो. त्यावरचा तोडगा म्हणजे 'लाइट ड्यूज': बंदरात आलेल्या जहाजाकडून त्याच्या आकारमानाप्रमाणे दिव्याचा कर घ्यायचा. आमच्या खात्यात गोष्ट सांगायचे की एक कप्तान भांडायला उठला, मी दिवसा आलो, मी दिवा पाहिलाच नाही, मी का देऊ?

मी ग्रामपंचायतीच्या बैठकीत हे सगळं समजावून सांगितलं. होडीच्या प्रत्येक खेपेमागं मच्छीमार सोसायटीनं थोडं, खलीलनं थोडं आणि दूध सोसायटीनं कॅनमागं थोडं द्यावं. रोज पहाटे वस्तीवरचं दूध त्याच होडीतून यायचं.

दूध सोसायटीचे चेअरमन दत्तोबा उठले. दत्तोबा हे रावसाहेबांचे सख्खे मेहुणे, आणि दोघांचं बोलणं बंद.

"गायकवाड साहेब, आमचं दूध कंदी चावडीला धडकलंय का?"

"दूध नाही, होडी धडकते."

"मग होडीकडून घ्या. दुधाकडून कावून?"

"होडीत दूध असतं ना!"

"आमी चढवताना ते होडीच्या बाहीर असतंय आन् उतरवल्यावर बी बाहीर असतंय. मधी काय हुतंय ते खलीलनं बघावं."

मला तो कप्तानच भेटला. बैठक उठली. शेवटी रावसाहेब म्हणाले, "आधी बोये सोडू, पैशाचं मागून बघू." सरकारी नोकरीत हे वाक्य ऐकलं की मी सावध व्हायचो. इथं झालो नाही.

आम्ही ड्रम रंगवले. वजनाला चुना मळायच्या जुन्या घाण्याचं फुटकं दगडी चाक मिळालं, त्याचे दोन तुकडे दोन्ही साखळ्यांना बांधले. बोये झकास उभे राहिले. मी काठावर उभा राहून बराच वेळ ते बघत होतो.

दुसऱ्या दिवशी रावसाहेबांनी उद्घाटन ठरवलं. नायब तहसीलदार मॅडम येणार होत्या. सकाळी बघतो तर हिरव्या ड्रमवर पत्र्याचा भलामोठा बोर्ड उभा. त्यावर रावसाहेबांचं हात जोडलेलं चित्र.

"रावसाहेब, वर एवढं वजन झालं तर ड्रम पालथा होईल."

"लोकाला कळाया नको का, कुनी केलं ते?"

त्यांनी अजून एक गोष्ट केली होती, ती मला ठाऊक नव्हती. चित्र काठावरच्या उद्घाटनाच्या मांडवातून नीट दिसेना, म्हणून त्यांच्या माणसांनी पहाटे हिरवा ड्रम उचलून मांडवाच्या बाजूला सरकवला होता. चावडीच्या पलीकडं. म्हणजे चावडी आता बरोबर दोन्ही बोयांच्या मधे आली होती.

मॅडम, रावसाहेब, मी आणि खलील होडीत बसलो. वस्तीच्या बाजूनं वळून आम्ही बोयांकडं निघालो. मला वाट जरा रुंद वाटली.

खलील म्हणाला, "साब, हिरवा लांब गेल्यागत दिसतोय."

"वाऱ्यानं सरकला आसंल," रावसाहेब म्हणाले. "चल बे, मधून चल. फोटो काढायलेत."

खलील अगदी बरोबर मधून गेला. धाडकन आवाज झाला, होडी चावडीवर चढली आणि एका अंगाला कलली. आम्ही चौघं उतरून चावडीच्या छतावर उभे राहिलो. पाणी गुडघ्याएवढं. रिकामी झालेली होडी हलकी होऊन निघाली ती थेट काठाकडं. मॅडमनी चपला हातात घेतल्या.

तेवढ्यात वाऱ्याची झुळूक आली आणि हिरवा ड्रम पालथा झाला. रावसाहेब हात जोडून, डोकं खाली करून पाण्यात गेले. म्हणजे चित्रातले. खरे माझ्या शेजारी उभे होते.

काठावर लोकांना वाटलं, कार्यक्रम असाच आहे. टाळ्या सुरू झाल्या. माइकवरचा माणूस म्हणाला, "मान्यवर आता प्रत्यक्ष पाण्यात उभं राहून पाहणी करतायत!"

आम्हाला न्यायला दत्तोबा आले. होडीत नाही, काहिलीत. काहील म्हणजे गुळासाठी उसाचा रस उकळायची मोठी लोखंडी कढई. आमच्याकडं अडीनडीला ती पाण्यात घालतात. आमच्यापासून थोड्या अंतरावर त्यांनी ती थांबवली.

"गायकवाड साहेब, चेअरमनला इचारा, दुधाला माफी हाय का?"

"साहेब, त्यांला सांगा, ही येळ न्हाई!" रावसाहेब ओरडले.

"चेअरमनला सांगा, मला येळच येळ हाय."

मॅडमनी रावसाहेबांकडं बघितलं. "चेअरमन, त्या बोर्डाचा खर्च कुणी केला?"

रावसाहेबांची छाती थोडी पुढं आली. "मीच की मॅडम. सोताच्या खिशातून."

"छान. मग बोयांचाही तसाच करा. दत्तोबा, दुधाला माफी. आणा ती कढई इकडं."

तलावातले लाइट ड्यूज तिथंच संपले. काहिलीत एका वेळी दत्तोबांशिवाय एकच माणूस मावायचा. मॅडम गेल्या, मग मी, मग खलील. रावसाहेबांना न्यायला दत्तोबा सावकाश चहा पिऊन गेले. पण परत येताना काहिलीत दोघं काहीतरी बोलत होते. गावानं ते बघितलं आणि पुन्हा टाळ्या वाजवल्या.

दुपारी बोर्ड काढला, ड्रम मूळ जागी नेला. दर आठवड्याला पाणी उतरेल तशी मी साखळी आखूड करायचो, नाहीतर ढिल्या साखळीवर बोया भटकतो. पोरं रोज सुखरूप शाळेत आली. होडी पुन्हा एकदाही धडकली नाही. उन्हाळ्यात तलाव आटला, होडी बंद पडली आणि बोये चिखलात बसले.

आता तालुक्यातनं कुणी सल्ला विचारायला आलं तर मी एवढंच सांगतो: खर्च कोण करणार ते आधी ठरवा, बोया नंतर सोडा. आणि फोटो लावायचाच असेल तर काठावर लावा.