डॉलरला हळदकुंकू लावू नका

बायांनो, आज माझ्या हातून एक घोळ झाला. तुमच्या हातून होऊ नये म्हणून लिहिते.

माझी लेक कोस्टारिकाला असती. तिचं पहिलं बाळंतपण आलंय अन् पुढच्या आठवड्यात मी एकटीच निघाले. लई आनंदात हाय. तिथं आपले रुपये चालत नाय, म्हणून सकाळी पोरानं डॉलर आणून दिले. मी देवापुढं ठेवले अन् वरच्या नोटेला हळदकुंकू लावलं. घरात नवी लक्ष्मी आली की आपण लावतोच की.

लेक फोनवर म्हणली, "आई, डाग पडलेली नोट इथं कुणी घेत नाय गं."

पोरगा हसला. "राहू दे आई, तुला नाय जमायचं. दिवाळीत माझ्यासंगं चल."

मी म्हणलं, "बाळ दिवाळीपर्यंत थांबणार हाय व्हय?"

ती नोट देव्हाऱ्यातच ठेवली, बाकीच्या कोऱ्या नोटा पाकिटात. रोमिंग इथूनच चालू करून घेतलं. तिथलं सिम घेतलं तरी आपलं काढायचं नाय, बँकेचा ओटीपी त्याच्यावरच येतो.

मी जाणारच. फक्त एवढं सांगा, डिंकाचे लाडू विमानात नेऊ देतात का?