मी दिलेलं आडनाव

बायकोला हे माहीत नाही. सख्ख्या भावाला नाही. देवापुढं हात जोडतो तेव्हाही मी ह्या गोष्टीला वळसा घालून जातो—घरच्यांना सुखी ठेव, प्रकृती सांभाळ, एवढंच मागतो. आज तुला सांगतोय. का, ते विचारू नकोस. आणि मध्येच "जाऊ दे रे, होतं असं" म्हणून माझ्या पाठीवर हात ठेवू नकोस. असं होत नाही. कुणीतरी ते करतं, म्हणून होतं.

आमचं रविवारचं मंडळ तुला ऐकून ठाऊक असेल. शुक्रवार पेठेतले आम्ही पाच-सहाजण—कुणी गिरणीच्या कचेरीत, कुणी कोर्टात—आठवडाभर खुर्च्या उबवायच्या आणि रविवारी गावाबाहेर पडायचं. जिथं नारळ फोडायला गर्दी लोटते अशा ठिकाणी आम्ही फिरकायचोसुद्धा नाही. आमचा शौक वेगळा. सरकारी नकाशा जमिनीवर पसरायचा आणि ज्याचं नाव कुणी काढत नाही अशी जागा हुडकायची. कुठं वनखात्याचं कुरण, कुठं काळविटं चरतात असा उघडा माळ, कुठं दुष्काळी कामावर बांधलेलं तळं. कुणाची परवानगी नको, कुणाचे उपकार नकोत. "सरकारी म्हणजे सगळ्यांची," असं अण्णा वकील दर खेपेला म्हणायचे, आणि आम्ही कडक भाकरी शेंगाच्या चटणीत बुडवत माना डोलवायचो. अण्णा आमचे म्होरके. मोठा सुधारक माणूस! कोकणात तळ्याच्या पाण्यावरून रण पेटलं होतं तेव्हा वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवताना त्यांचा आवाज भरून आला होता. माझाही आला होता. काय रे ही माणसं—काय रे आम्ही!

ज्यांच्याबद्दल सांगायचंय ते सखाराम मास्तर मला मंडळात भेटले नाहीत. एका रविवारी बाकीचे कुणी आले नाहीत, म्हणून मी एकटाच माळावर गेलो, तर गवतात एक माणूस तोंडावर टोपी टाकून आडवा. मला वाटलं, मेलाय. हाक मारली तसा तो दचकून उठला, त्याला बघून मी दचकलो, आणि मग दोघंही हसत सुटलो. पहिल्या दमात त्यांनी आपलं सगळं सांगितलं. सखाराम कांबळे, गाव केम, सोलापुरात मास्तर. शाळा कुठली, कुणाच्या मुलांची, तेही सांगितलं. हे नीट ध्यानात ठेव—पहिल्या दमात सांगितलं. माझ्यापासून त्यांनी काहीही लपवलं नाही.

आमचं जमलं. ते काही संत नव्हते, उगाच तसं चित्र डोळ्यांपुढं आणू नकोस. बेसूर गायचे. प्रत्येक गोष्टीवरून वाद घालायचे आणि हरत आले की विषय बदलायचे. शिदोरीतला मोठा कांदा न विचारता उचलायचे. पण त्यांच्याबरोबर चालताना उन्हाचं भान राहायचं नाही. माझ्या तोंडून मंडळाच्या गोष्टी ऐकून एकदा ते म्हणाले, "मलाबी न्ह्या की एकदा तुमच्यासंगं." मी हूं हूं केलं. पुढं पुन्हा म्हणाले. मी पुन्हा हूं केलं.

मग त्यांनी मला त्या तळ्याचं सांगितलं. मोडनिंबाच्या अलीकडं, रस्ता सोडून आत, सरकारनं दुष्काळात बांधून घेतलेलं. एका अंगाला कुरण, दुसऱ्या अंगाला बाभळी, हिवाळ्यात पाण्यावर परमुलखातली पाखरं उतरतात. त्यांच्या आज्जीनं त्या बांधावर माती वाहिली होती. मी काय केलं? मंडळात जाऊन ती जागा माझा शोध म्हणून सांगितली. अण्णांनी पाठ थोपटली. आता ज्याची जागा चोरली त्याला न्यायचं नाही, एवढं निर्ढावलेपण तेव्हा माझ्यात नव्हतं. ते नंतर आलं.

न्यायचं तर होतं, पण "कांबळे" हे नाव अण्णांपुढं उच्चारायची छाती नव्हती. तसं अण्णा नाही म्हणाले असते का? देव जाणे. मी विचारलंच नाही! विचारलं असतं आणि ते हो म्हणाले असते, तर आज मी तुझ्यापुढं असा बसलो नसतो. त्याऐवजी मी मास्तरांना म्हणालो, "आडनाव कशाला सांगायचं? गाव सांगा. केमचे ना तुम्ही? मग केमकर. खोटं कुठं आहे त्यात?" ते म्हणाले, "कांबळे म्हटलं तर काय हुतंय? मी काय त्येंच्या घरात जेवाय चाललोय का? रान सरकारचं हाय की." मी हसण्यावारी नेलं. पुढच्या रविवारी पुन्हा गळ घातली. त्यांनाही यायचं होतं रे—माणसाला चारचौघांत बसून हसावं-बोलावंसं वाटतं—शेवटी ते कबूल झाले. मंडळात मी स्वतःच्या तोंडानं ओळख करून दिली: हे आमचे स्नेही, सखाराम केमकर.

मंडळाला ते इतके आवडले! दोन-तीन रविवार गेले आणि अण्णा मला विचारू लागले, "केमकर येणार आहेत ना? त्यांच्यावाचून मजा नाही." मला मोठं शहाणं झाल्यासारखं वाटायचं. मी मनात म्हणायचो, बघा, जात कळली नाही तर सगळे कसे माणसासारखे वागतात. स्वतःच्या भित्रेपणाला मी सुधारणा समजत होतो. आता आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

हुरड्याच्या दिवसांत आम्ही तळ्यावर गेलो. अरुंद रुळांवरच्या लहान गाडीनं मोडनिंबाला उतरलो आणि तिथून चालत. पोहलो. मास्तरही पोहले, ओरडत, हातपाय झाडत. पलीकडच्या घाटावर जवळच्या गावातल्या बायका पाणी भरत होत्या. आम्ही काठावर आगटी पेटवून हुरडा भाजायला बसलो, तेवढ्यात बांधावरून एक म्हातारा आला. बरोबर तट्टू, तट्टावर कुंकवाच्या पिशव्या. केमचं कुंकू सगळ्या मुलखात जातं, ते विकत तो गावोगाव हिंडत होता. अण्णांनी मोठ्या आग्रहानं त्याला हुरडा खायला बसवलं आणि मास्तरांच्या पाठीवर थाप मारली—"हे घ्या, तुमच्याच गावचे! आमचे केमकर."

म्हाताऱ्यानं हातातला हुरडा खाली ठेवला. "केमकर? आमच्या गावात केमकर कोन न्हाय," म्हणाला. खरंच होतं. केममध्ये राहणारा माणूस स्वतःला केमकर कशाला म्हणवील? एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती. मग तो मास्तरांच्या तोंडाकडं, ओल्या केसांकडं निरखून बघू लागला. "आरं, तू सटवा म्हाराचा सखा न्हवं का? आन् हितं पान्यात उतारलाय व्हय रं तू?" तो काही कमी आवाजात बोलला नाही. घाटावरच्या एका बाईनं भरलेली घागर तिथंच पालथी केली.

माणसं यायला वेळ लागला नाही. काठ्या होत्या. मास्तर उठून उभे राहिले आणि माझ्याकडं बघितलं—भीक मागितल्यासारखं नव्हे, तर आता हा बोलेल अशा नजरेनं. अण्णाही माझ्याकडं वळले. "तुम्ही आणलंत ह्यांना," म्हणाले. आणि मी म्हणालो, "मला काय ठाऊक? मला यानं केमकर म्हणून सांगितलं." तोवर मी त्यांना मास्तर म्हणत होतो, तुम्ही म्हणत होतो. त्या घटकेला "यानं" म्हणालो. इतक्या सहज जीभ वळली की बोलून झाल्यावर मलाच दचकायला झालं.

पुढचं वर्णन करीत नाही. त्यांना मारलं. डावा हात मोडला. आम्ही सरकारी तळ्याच्या काठी, सगळ्यांच्या जमिनीवर, उभे राहून बघत होतो. मग अण्णांनी गावकऱ्यांचे हात धरून आमच्या वतीनं माफी मागितली. आम्ही माफी मागितली! परत येताना गाडीत अण्णा माझ्या शेजारी बसले आणि म्हणाले, "तुमची फसवणूक झाली. मनाला लावून घेऊ नका." बाकीचेही हळहळले. माझ्यासाठी.

आता तू म्हणशील, काठ्या होत्या, गर्दी होती, कुणीही घाबरलं असतं. बरोबर. तेवढंच असतं तर मी तुला हे केव्हाच सांगितलं असतं, वर डोळेही पुसले असते, आणि तू माझ्यासाठी चहा मागवला असतास. ते तेवढंच नाही. मला सांगायचंय ते अजून सांगितलेलंच नाही.

काही आठवड्यांनी अण्णांनी मास्तरांविरुद्ध शाळा कमिटीकडं तक्रार केली. खोटं नाव सांगून सभ्य माणसांत मिसळतो, असा माणूस मुलांना काय शिकवणार, असा सगळा त्यातला भाव. जातीबद्दल एक अक्षर नव्हतं—अण्णा सुधारक ना! कमिटीच्या अध्यक्षांनी मला आपल्या बंगल्यावर बोलावलं. दिवाणखाना, वेताच्या खुर्च्या, गार फरशी, कोपऱ्यात जबानी लिहून घेणारा कारकून. चहा आला. मास्तरांनाही बोलावलं होतं. ते दाराशी उभे, हात गळ्यात बांधलेला. त्यांना कुणी बस म्हटलं नाही. मीही नाही. खुर्ची रिकामी होती, माझ्या शेजारीच.

अध्यक्ष म्हणाले, "हे म्हणतात, नाव तुम्हीच दिलंत. पहिल्या दिवशीच ह्यांनी आपलं खरं नाव तुम्हाला सांगितलं होतं, असं ह्यांचं म्हणणं आहे. तुमचं काय?"

इथं काठी नव्हती. गर्दी नव्हती. बशीत बिस्किटं होती. मी हो म्हणालो असतो तर काय झालं असतं? अण्णांनी माझ्याशी बोलणं टाकलं असतं. मंडळातून मला काढलं असतं. पेठेत चार लोक कुजबुजले असते. बस. एका बाजूला त्या माणसाच्या तोंडची भाकरी आणि त्याचा शब्द, दुसऱ्या बाजूला माझे रविवार. आणि घाईत नाही, भीतीनं नाही—मी विचार केला. चहाचा घोट घेतला, कप खाली ठेवला, एवढा वेळ मला मिळाला होता. त्या वेळात मी हे सगळं तोलून बघितलं. मला ठाऊक होतं मी काय करतोय.

मी म्हणालो, "नाही. मला ठाऊक नव्हतं."

मास्तर रडले नाहीत, की त्यांनी गयावया केली नाही. त्यांच्या मानेच्या शिरा तटतटल्या. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराला दरडावावं तशा आवाजात ते मला म्हणाले, "भाऊसाहेब, हिकडं बगा. माज्याकडं बगून सांगा की एकदा."

अध्यक्षांनी त्यांना झापलं. आवाज खाली, म्हणाले, हे घर आहे. मला पुन्हा बोलायची गरज नव्हती. कुणी तसं सांगितलंही नव्हतं. माझं काम झालं होतं, मी गप्प बसलो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं, नजर चुकवली तर अध्यक्षांना शंका येईल. म्हणून मी खुर्ची थोडी वळवली, सखाराम कांबळे ह्यांच्या डोळ्यांत बघितलं आणि तेच वाक्य पुन्हा सांगितलं—सावकाश, लिहून घेणाऱ्याला नीट उतरवता यावं म्हणून.

त्यांची नोकरी गेली. रविवारी मी मंडळाबरोबर फिरायला गेलो आणि पोटभर जेवलो.