आबा ओयोंचं ‘मंग्गा’

बांडुंगच्या चिचादास बाजाराच्या तोंडाशी मोटारसायकलवर सवाऱ्या नेणाऱ्यांचा नाका आहे. तिथं आबा ओयो बसतात. वय सदुसष्ट, जीभ लोण्यासारखी. कंपनीवाले त्यांच्याशी जसे वागले ते आठवलं की अजून माझं डोकं सणकतं.

नऊ वर्षांपूर्वी या नाक्यावर फडकं टांगलेलं होतं, ‘ॲपवाल्यांनी इथं पाय ठेवू नये.’ ते फडकं आबांनीच स्वतःच्या हातानं उतरवलं. ॲपच्या कंपनीची माणसं गोड बोलली, आबांना पटलं, आणि आबांच्या शब्दाखातर चाळीस जणांनी जांभळी जाकिटं चढवली. कंपनी त्यांना नोकर म्हणत नाही, ‘मित्रा’ म्हणते, म्हणजे भागीदार. शब्द बघा, आपल्याच घरचा! नोकराला पगार द्यावा लागतो, मित्राच्या पाठीवर थाप मारली की भागतं.

आता इतकी वर्षं तोट्यात राहून कंपनी चालते कशी? परक्याच्या पैशावर. सुरुवातीचे पैसेवाले विचारायचे, ‘माणसं किती जोडली?’ म्हणून सवारीला स्वस्ताई आणि चालवणाऱ्याला बोनस. शेअर बाजारात उतरायच्या आधी शेवटच्या टप्प्याचे पैसेवाले येतात. त्यांची थैली सगळ्यांत मोठी नि प्रश्न एकच, ‘नफा कुठाय?’ नफा काय ढगातून पडतो? तो या चाळिसांच्या ताटातूनच उचलायचा.

असे तिघे सिंगापूरहून आले. त्यांना नाका दाखवायला जकार्ताहून कंपनीचा रेनाल्डीसाहेब आला. आबांना खुर्चीवर बसवून, मोबाईल त्यांच्या तोंडासमोर धरून तो नवे नियम वाचू लागला.

“आबा, पुढल्या महिन्यापासून बोनस बंद.”

“मंग्गा,” आबा म्हणाले.

“कंपनीचा वाटा विसाचा तीस टक्के.”

“मंग्गा, मंग्गा.”

इथल्या सुंदा माणसाचं ‘मंग्गा’ म्हणजे आपलं ‘बरं’, ‘या’, ‘बोला’, सगळं एकातच. परका बोलत असताना त्याला मध्येच तोडणं हा असभ्यपणा. सगळं ऐकून घ्यायचं, मग आपलं म्हणायचं. आबांनी म्हणायला तोंड उघडलं, तोवर पाहुणे गाडीत बसलेसुद्धा.

चार दिवसांनी चाळीस मोबाईल एकदम वाजले. चित्रफीत आली होती, आबांचं हसरं तोंड नि खाली अक्षरं, ‘आमच्या पहिल्या मित्राची संमती.’

“वा आबा!” दुदुंग म्हणाला. तो नाक्यावरचा सगळ्यांत तिखट. “आमच्या वाटचं तुम्हीच मंग्गा करून टाकलंत. खुर्ची मऊ होती का हो?”

“अरे, मी हो कुठं म्हणालो?”

“आम्ही हो म्हणालो होतो, नऊ वर्षांपूर्वी. तुमच्या तोंडाकडं बघून.”

बाकावर कुणी सरकून जागा देईना. पैशाचं जाऊ द्या, आबांचा शब्द गेला होता. तो परत आणल्याशिवाय त्यांना घास जाईना.

ते रेनाल्डीच्या कचेरीत गेले. तो हसला. “आबा, आमच्या जकार्तात मंग्गा म्हणजे आंबा. तुम्ही काय आंबा मागत होता?”

“तुझी आई कुठली, बाळा?”

“गारुतची.”

“म्हणजे सुंदाच. घरातून निघताना ‘येतो’ म्हणतोस तेव्हा काय म्हणते ती?”

रेनाल्डी मोबाईल चाळू लागला.

“मंग्गा म्हणते ना? मग पिशवी घेऊन तुझ्या मागनं निघते का?”

त्याला सगळं ठाऊक होतं! अडाण्याची चूक पोटात घालता येते. आईच्या भाषेचा फास करणाऱ्याला काय म्हणावं? पण निर्लज्ज किती बघा! त्यानं वर आबांनाच समारंभाला बोलावलं. पैसेवाले सह्या करणार होते, मंचावर ‘पहिला मित्रा’ हवा होता.

आबा गेले. मोठं हॉटेल, फुलं, तीनशे माणसं. रेनाल्डीनं माईक पुढं केला. “सांगा आबा, नवे नियम मान्य ना?”

आबा वाकले, सगळ्यांना नमस्कार केला नि माईकमध्ये म्हणाले, “एंबुंग.”

सुंदा भाषेत नकारालाही पायऱ्या आहेत. ही सगळ्यांत खालची. ‘नाही, जा, मसणात घाल’ इतकी रोखठोक. आबांनी ती बायकोसमोरही कधी वापरली नव्हती. मागच्या रांगेतल्या वाढप्यांच्या हातातले चमचे थांबले. सिंगापूरच्या बाईनं विचारलं, “काय म्हणाले ते?” दुभाषी मुलगी चाचरली, “ते... नको म्हणतात, मॅडम.”

“नको नाही, पोरी,” आबा म्हणाले. “मी म्हणालो तसंच सांग. एंबुंग! चाळिसांच्या वतीनं.”

सह्या झाल्याच. तीस टक्केही झाले. संध्याकाळच्या आत आबांचं ॲपवरचं खातं बंद. मित्राला काढायला नोटीस लागत नाही.

दुसऱ्या दिवशी आबा जाकिटाशिवाय नाक्यावर आले. कुणीतरी कालचं दृश्य पाठवलं होतं, दुदुंग तेच पाहत होता. त्यानं मान वर केली नाही, नुसता बाकावर सरकला.

“बसा,” तो म्हणाला. “आणि आबा, असली घाण शिवी आमच्या बायकांपुढं काढू नका.”