आवाज न करणारा ड्रम

मेधाचा फोन आला तेव्हा मी सायकलची साखळी पुसत होतो. "श्रीरंग केलरमध्ये पडलाय… तू ये," एवढंच ती म्हणाली. जर्मनीतल्या बॉबलिंगेनच्या त्यांच्या इमारतीच्या तळघरात मी पोचलो, तर डॉक्टर बॅग आवरत होते. हृदय बंद पडलं होतं. जेवण गार झालं म्हणून मेधा चिडून खाली गेली, तेव्हा तिला तो जमिनीवर दिसला. लवकर कळलं असतं तर कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. ते 'कदाचित' त्यांनी तिच्यासमोर उच्चारायला नको होतं. कोपऱ्यात श्रीरंगचा पितळ धुण्याचा ड्रम अजून फिरत होता आणि तो बंद करायचं कुणालाच सुचत नव्हतं.

श्रीरंग माझा पुण्यातला कॉलेजचा मित्र, मेधा त्याची बायको. एनसीसीत त्याचा नेम पक्का होता. इथे नोकरी लागल्यावर तो नेमबाजांच्या फेराइनचा, म्हणजे क्लबचा, सभासद झाला आणि रीतसर परवाना काढून वापरलेली काडतुसं पुन्हा भरायला शिकला. त्यासाठी पितळेच्या रिकाम्या पुंगळ्या आधी स्वच्छ कराव्या लागतात. पहिल्यांदा या पठ्ठ्याने आईच्या पद्धतीने चिंचेचा कोळ केला आणि चिंचेचे धागे प्रत्येक पुंगळीत अडकवून बसला. "देवाची भांडी आहेत का रे ही?" म्हणत मेधा हसून बेजार. पण बाल्कनीत जुन्या टॉवेलवर वाळवणासारख्या मांडलेल्या त्या पुंगळ्या आभाळ भरून आलं की आत आणायची तीच.

मग मशीन घ्यायचं ठरलं. श्रीरंगचं काही ठरणं म्हणजे आमची सत्त्वपरीक्षा! एक मशीन थरथरणारं, अक्रोडाच्या कवचाच्या चुऱ्यात पुंगळ्या घोळवणारं. दुसरं म्हणजे पाणी आणि बारीक स्टीलच्या पिना घातलेला, सावकाश फिरणारा ड्रम. पहिल्यात वाळवायची कटकट नाही, पण धूळ उडते आणि खडखडाट फार. फेराइनमधल्या एकाकडून त्याने ते थरथरणारं मशीन आणून पाहिलं. केलरच्या बरोबर वर फ्राऊ होफमान राहतात, एकट्या. त्या घरातल्या सपाता घालूनच खाली उतरल्या. "हेर साठे, मिटाग्सरुहे!" दुपारच्या शांततेची वेळ होती. श्रीरंग इतका ओशाळला की संध्याकाळी केक घेऊन त्यांच्या दारात गेला. कुकरची शिट्टी व्हायच्या आत शेगडी बारीक करणारी माणसं आम्ही. आपला कुणाला त्रास नको, हे आमच्या हाडात मुरलेलं.

म्हणून फिरणारा ड्रम आला. तो पहिल्यांदा लावताना मी तिथेच होतो. श्रीरंगने फ्राऊ होफमानना त्यांच्या खोलीत बसवलं, मला खाली बटणापाशी उभं केलं आणि स्वतः जिन्यावर थांबला.

"आल्झो, चल, लाव!" तो ओरडला. मी लावला. वरून फ्राऊ होफमानचा आवाज आला, "निश्ट्स!" काहीच नाही. श्रीरंग धावत खाली आला. "गेनाऊ! अगदी हाच हवा होता. आता तासन्‌तास चालू दे, कुणाला पत्ता लागायचा नाही."

कुणाला पत्ता लागला नाही, श्रीरंग. मला तुझ्या सभ्यपणाचा राग येतो. शोकसभेत सगळ्यांनी त्याचंच कौतुक केलं, शांत माणूस, कुणाला कधी दुखावलं नाही… मला उठून जावंसं वाटत होतं. ते पहिलं, खडखडणारं मशीन त्या दुपारी वाजत राहिलं असतं तर! हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही आणि जाईल असं वाटतही नाही. मेधाच्याही मनात तोच असणार. आम्ही दोघं ते बोलत नाही.

बोलल्या त्या फ्राऊ होफमान. परवा केलर रिकामं करायला मी गेलो, तर त्या आपल्या दारातच उभ्या होत्या. "त्या दुपारी मी घरीच होते," त्या म्हणाल्या. "आवाज आला असता तर मी भांडायला खाली गेले असते. नक्की गेले असते." मी हातातली रिकामी खोकी खाली ठेवली. "तो ड्रम एकदा लावता का?" त्यांनी विचारलं.

मी खाली गेलो. ड्रममध्ये त्याच्या पुंगळ्या तशाच होत्या, पाणी काळं झालं होतं. बटण दाबलं आणि वर आलो. फ्राऊ होफमान गुडघे टेकून गालिच्याला कान लावून बसल्या होत्या. मी दारात थांबलो. बऱ्याच वेळाने त्यांनी मान हलवली.

"निश्ट्स," त्या म्हणाल्या आणि पुन्हा कान गालिच्याला लावला.